१६० एकरांची वाट : नेब्रास्का ते कॅन्सस

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्यावर अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कुटुंबप्रमुखाला किंवा वयाची २१ वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला १६० एकर सरकारी जमीन मिळणार होती. पाणी किती खोल आहे, आढ्याचं लाकूड किती मैलांवरून आणायचं, गुरं पिकात शिरली तर काय करायचं, तिथल्या हिवाळ्यात कुठलं बियाणं तगेल, याबद्दल कायद्यात अक्षर नव्हतं. ते ज्याचं त्याने बघायचं. वसाहतीचा खरा इतिहास याच प्रश्नांत आहे, म्हणून या सहा दिवसांच्या प्रवासाचा मार्गही त्याच हिशेबाने आखला आहे. वेळ जूनचा दुसरा पंधरवडा. तेव्हा नेब्रास्कात गवत उभं असतं आणि कॅन्ससमध्ये गहू कापणीला आलेला असतो.

पहिला दिवस : लिंकन ते बीॲट्रिस

लिंकन शहरातून दक्षिणेला ६५ किलोमीटरवर बीॲट्रिस. गावाच्या पश्चिमेला होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. डॅनियल फ्रीमन यांनी ब्राउनव्हिलच्या जमीन कार्यालयात १ जानेवारी १८६३ लाच दावा, म्हणजे अशा जमिनीवरचा हक्क, नोंदवला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक, आणि त्याच जमिनीवर हे उद्यान उभं आहे. संग्रहालयासमोरचं वाहनतळ मुद्दाम बरोबर एक एकराचं केलं आहे. तिथे उतरून आधी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून घ्यावं, आणि मग असे १६० डोळ्यांपुढे आणावेत.

हा एकर आणि आपल्या सातबाऱ्यावरचा एकर एकच. अमेरिकेची मोजणी ६६ फुटी गंटर साखळीने झाली, तर मुंबई इलाख्याची तिच्या निम्म्या, ३३ फुटी साखळीने. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. अमेरिकी मोजणीदाराने ८० साखळ्या टाकल्या की एक मैल भरायचा. एक मैल लांब, एक मैल रुंद तुकडा म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा. असे ३६ सेक्शन मिळून सहा मैल चौरसाची टाउनशिप, आणि त्यातले १६ व ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखीव. होमस्टेड म्हणजे सेक्शनचा चौथा हिस्सा, अर्धा मैल बाय अर्धा मैल. ओढा, टेकडी, दलदल काहीही आडवं आलं तरी रेघ सरळच जायची. त्यामुळे एकाच्या वाट्याला ओढ्याकाठची काळी जमीन यायची आणि त्याच्या शेजाऱ्याला कोरडा माळ, क्षेत्रफळ मात्र दोघांचं सारखंच.

दावा लावताना १२ डॉलर आणि शेवटी ६ डॉलर, एकूण १८ डॉलर शुल्क. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि मुदत संपली की दोन शेजाऱ्यांची साक्ष काढायची. घाई असेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून मालकी घेता येई. अविवाहित बाई आणि विधवा यांना स्वतःच्या नावाने दावा लावता येत होता, नवऱ्याच्या घरात नांदणारीला नाही. परदेशातून आलेल्याने नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. चिनी माणसाला नागरिकत्वच मिळत नव्हतं, म्हणून त्याला जमीनही नाही. लबाडीही भरपूर झाली. 'बारा बाय चौदाचं घर बांधलं' अशी शपथ घ्यायची आणि ते फूट की इंच हे बोलायचंच नाही. चाकांवरचं एकच खोपटं या दाव्यावरून त्या दाव्यावर ओढत न्यायचं. तपासायला माणसं कमी आणि मुलूख अफाट, म्हणून हे खपून जायचं.

उद्यानात १८६७ सालचं पामर-एपर्ड लाकडी घर आणून ठेवलं आहे, १४ बाय १६ फुटांचं. नेब्रास्काच्या पूर्व कडेला ओढ्यांकाठी ओक, अक्रोड अशी झाडं होती, म्हणून इथे ओंडक्यांचं घर शक्य झालं. पुढच्या मुक्कामात ही चैन दिसणार नाही. जवळच १८७२ ची विटांची फ्रीमन शाळा आहे. तिथल्या शिक्षिका वर्गात बायबल वाचतात याला फ्रीमन यांनी हरकत घेतली आणि खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९०२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दक्षिण हद्दीवर ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची जुनी कुंपणरांग आहे. रोपं फूटभर अंतरावर लावायची आणि शेंडे छाटून फांद्या एकमेकींत गुंतवायच्या. गुरं अडवण्याइतकी दाट व्हायला तिला चार-पाच वर्षं लागत. दावेदाराची पाच वर्षंही तेवढ्यातच संपायची.

संग्रहालयातून बाहेर आल्यावर कब क्रीककाठची पायवाट सोडू नये. शंभरेक एकरांवर उंच गवताचा माळ १९३९ पासून पुन्हा वाढवला आहे. बिग ब्लूस्टेम हे गवत उन्हाळा संपता संपता माणसाच्या डोक्यावर जातं, आणि मुळं जमिनीत त्याहून खोल असतात. ही जमीन रिकामी मात्र नव्हती. बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिसूरिया या मूळ रहिवासी जमातीची राखीव जमीन होती, आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. १६० एकरांचा प्रत्येक चौकोन आधी कुणाकडून तरी काढून घेतलेला आहे, हे पुढच्या सगळ्या रस्त्यावर लक्षात ठेवावं लागतं.

दुसरा दिवस : बीॲट्रिस ते ब्रोकन बो

आजचा दिवस गाडीतच जातो, जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. लिंकनवरून ग्रँड आयलंड आणि तिथून महामार्ग २ ने वायव्येला. प्लॅट नदीच्या खोऱ्यात पॉनी या मूळ रहिवासी जमातीची शेती होती. बायका गव्याच्या (अमेरिकी बायसनच्या) फऱ्याच्या हाडाची कुदळ करून ओढ्याकाठच्या मऊ गाळात मका, घेवडा आणि भोपळा लावत. वरच्या माळाला त्यांनी हात लावला नाही, कारण ती मुळांची गादी कुदळीला दाद देत नाही. १८७५ पर्यंत त्यांनाही दक्षिणेला हलवण्यात आलं.

ती गादी फोडायला पोलादी नांगर लागला. जॉन डिअर यांनी १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डीटूर इथे करवतीच्या मोडक्या पात्यापासून गुळगुळीत फाळाचा नांगर केला. बिडाच्या नांगराला चिकट माती धरून बसायची, पोलादावरून ती घसरायची. पहिल्या नांगरटीला नांगर खोल घालायचा नाही, फक्त दोन-तीन इंच. वेळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, गवत वाढीला लागलेलं असताना. पट्टी पूर्ण उलटी पडली की गवत खाली दबून कुजतं. शरद ऋतूत त्याच दिशेने पुन्हा नांगरून दोन इंच नवी माती वर घ्यायची आणि पुढच्या वसंतात पेरायचं. नांगरट जुलैत ढकलली की पट्ट्या कुजण्याऐवजी वाळून कडक होत आणि पुढची दोन वर्षं ढेकळांशी झगडा चालायचा. खोल गेलं तरी तेच, जाड ढेकूळ आत कुजत नाही. दिवसाला दीड-दोन एकर झाले तर काम चांगलं म्हणायचं. पहिल्या वर्षी पोटापुरतं काही हवं म्हणून उलटलेल्या पट्टीत कुऱ्हाडीने चीर पाडायची, मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेने दाबायचं. उतारा बेताचाच, पण गुरांना वैरण तरी व्हायची.

बीॲट्रिसला वर्षाला ३० इंचांहून अधिक पाऊस पडतो, ब्रोकन बोला २२-२३ इंच. गाडीच्या खिडकीतून हा फरक दिसत राहतो. झाडं ओढ्यांत मागे सरकतात आणि गवत आखूड होत जातं. शंभरावी रेखावृत्त रेषा आता पश्चिमेला जवळच आहे. तिच्या पलीकडे पावसाच्या भरवशावरची शेती म्हणजे दरवर्षीचा जुगार. 'नांगरामागे पाऊस येतो' असं १८८० च्या आसपास छापून सांगितलं गेलं, आणि योगायोगाने ती वर्षं ओली निघाली. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालातच लिहिलं होतं की कोरड्या मुलखात गुरं पाळून जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर लागतील. ते कुणी मनावर घेतलं नाही. १८९० च्या दशकातल्या दुष्काळाने, विशेषतः १८९४ ने, हजारो घरं रिकामी केली. १९०४ च्या किंकेड कायद्याने नेब्रास्काच्या वायव्य भागात ६४० एकर दिले खरे, पण तेही उशिरा आणि अपुरे.

तिसरा दिवस : कस्टर काउंटी, मातीची घरं

ब्रोकन बो याच काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, येतं. सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून याच काउंटीत फिरून मातीच्या घरांपुढे कुटुंबांची छायाचित्रं काढली. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहेत. घर, गाय, नांगर, शिवणयंत्र, कलिंगडं, जे काही जवळ असेल ते दारापुढे मांडून लोक उभे राहत. त्यामुळे कुणाकडे काय होतं याची ती यादीच झाली आहे. कॉमस्टॉक गावाजवळ १९०० साली बांधलेलं डाउस कुटुंबाचं घर दुरुस्त करून जपलं आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा खिडकीकडे बघावं. भिंतीच्या जाडीमुळे खिडकीत बसायला ऐसपैस जागा झाली आहे.

बांधकामाची रीत अशी. सखल, ओलसर जागेचं गवत निवडायचं, कारण तिथे मुळांची जाळी दाट असते. पावसानंतर एक-दोन दिवसांनी, माती ओली पण चिखल नाही अशा वेळी पट्ट्या कापायच्या. साधा नांगर पट्टी उलटताना मोडतो, म्हणून फळीऐवजी लोखंडी सळया असलेला खास नांगर वापरत. पट्टी १२ ते १८ इंच रुंद आणि चार इंच जाड. धारदार फावड्याने तिचे दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे. फूटभर रुंद आणि दोन फूट लांब विटेचं वजन २०-२५ किलो भरतं. जेवढी वीट त्या दिवशी लागेल तेवढीच कापायची, रात्रभर उघडी राहिली तर ती वाळून फुटते. १६ बाय २० फुटांच्या घराला, भिंत अडीच-तीन फूट जाड धरली तर, दोन-तीन हजार विटा लागतात.

वीट गवताची बाजू खाली ठेवून रचायची. दोन ओळी शेजारी शेजारी, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला विटा आडव्या घालून दोन्ही ओळी बांधून घ्यायच्या. चुना नाही, गारा नाही. फटीत भुसभुशीत माती ठासायची आणि कडा फावड्याने तासायच्या. दाराखिडक्यांच्या चौकटी आधी उभ्या करून त्यांच्या भोवतीने भिंत चढवायची. चौकटीला भोकं पाडून लाकडी खुंट्या विटांत ठोकायच्या. चौकटीच्या डोक्यावर मात्र चार-सहा इंच जागा सोडून तिथे गवत किंवा चिंध्या भरायच्या. पहिल्या वर्षात भिंत कित्येक इंच खाली बसते. ही फट सोडली नाही तर तो सगळा भार चौकटीवर येतो, काच तडकते आणि दार अडकतं.

खरं दुखणं छपराचं. आढ्याला सीडर किंवा कॉटनवुडचा ओंडका कित्येकदा दिवसभराच्या वाटेवरून आणावा लागे. त्याला दोन्ही टोकांना बेचक्याचे खांब, वर वासे, त्यावर विलोच्या फांद्या, मग गवत आणि शेवटी मातीच्या विटांचा एक थर. कोरड्या दिवसांत हे छप्पर बरं चालायचं. मोठा पाऊस झाला की माती पाणी पिऊन जड व्हायची आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राहायची. आढं बारीक असेल तर छप्पर खाली यायचं, आणि भिंतीपेक्षा छपरानेच जास्त घरं पडली. आत मलमलीचं कापड ताणून बांधायचं, म्हणजे माती, उंदीर, साप अन्नात पडत नसत. हाती पैसा आला की लोक आधी फळ्यांचं छप्पर घालत. भिंत मात्र उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार, आणि तिला आग लागत नाही. माळावरच्या वणव्यांच्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

जळणाला लाकूड नाही, म्हणून सुरुवातीला गव्यांच्या रानशेण्या वेचायच्या. गवे संपल्यावर गुरांचं शेण आणि दाणे काढलेली मक्याची कणसं. तेही नसेल तर वाळल्या गवताचे पीळ घालून वेठी करायच्या. गवताची आग भडकते आणि लगेच विझते, म्हणून कडाक्याच्या थंडीत घरातलं एक माणूस पीळ घालण्यातच अडकलेलं असायचं.

पाण्याचं संकट याहूनही मोठं. ओढ्याकाठी वीस-तीस फुटांवर पाणी लागे, टेकाडावरच्या सपाटीवर शेकडो फुटांवर. तिथले लोक पिंपं भरून मैलोन्‌मैल पाणी ओढत. विहीर हाताने खणायची, तीन-चार फूट व्यासाची, वर रहाट आणि बादली. वाळूचा थर लागला की फळ्यांचं कडं उतरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर बाजू आत कोसळते. सकाळी खाली उतरण्याआधी दोरीला पेटती मेणबत्ती बांधून सोडायची. ती विझली तर खाली घातक वायू साठलेला आहे, उतरायचं नाही.

पवनचक्कीने हा प्रश्न पुष्कळसा सोडवला. डॅनियल हॅलडे यांनी १८५४ मध्ये वाऱ्याच्या जोरानुसार स्वतःला सावरणारी चक्की केली, आणि १८८८ मध्ये शिकागोच्या एअरमोटरने पोलादी पात्यांची चक्की बाजारात आणली. चाक फिरलं की दांडा खालीवर होतो आणि तळाच्या नळकांड्यातला दट्ट्या पाणी उचलतो. वाऱ्याचा जोर वाढला की चाक आपोआप वाऱ्याकडे कड करतं आणि मोडण्यापासून वाचतं. बिघडतं ते बहुधा दट्ट्याचं चामडी वायसर. पाण्यात वाळू असेल तर ते लवकर झिजतं, मग चाक फिरत राहतं आणि पाणी येत नाही. दुसरी भीती गोठण्याची. नळीला जमीन गोठते त्या पातळीच्या खाली बारीक भोक ठेवायचं, म्हणजे चक्की थांबली की उभं पाणी खाली झिरपून जातं आणि नळी फुटत नाही. कस्टर काउंटीत अशा चक्क्या गुरांच्या हौदांवर अजून फिरताना दिसतात.

चौथा दिवस : निकोडेमस

महामार्ग १८३ ने सरळ दक्षिणेला, पावणेतीनशे किलोमीटर. वाटेत प्लॅट आणि रिपब्लिकन या नद्या ओलांडून कॅन्ससमध्ये शिरायचं. स्टॉक्टनहून पश्चिमेला वळलं की सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ निकोडेमस लागतं. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये वसवलेलं हे गाव १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. बहुतेक कुटुंबं केंटकीहून आली. जाहिरातीत गाव होतं, प्रत्यक्षात दिसला तो जमिनीतून निघणारा धूर, कारण आधी आलेले लोक भुयारी घरांत राहत होते. ते बघून साठेक कुटुंबं परत फिरली.

भुयारी घर म्हणजे दरडीत कोरलेली खोली. दक्षिणमुखी दरड बघायची, म्हणजे हिवाळ्याचं ऊन आत येतं आणि उत्तरेचा वारा पाठीवर राहतो. तीन बाजूंना दरडच, पुढची बाजू मातीच्या विटांची, वर फांद्या आणि माती. खर्च जवळजवळ शून्य. पण मुसळधार पावसात उतारावरचं पाणी थेट आत येतं, आणि छप्पर माळाच्याच पातळीवर असल्याने चरणारं जनावर वरून खाली कोसळू शकतं. वरच्या अंगाला चर खणणं म्हणूनच पहिलं काम. निकोडेमसला घोडे आणि नांगर इतके थोडे होते की अनेकांनी कुदळीने जमीन फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ जमातीच्या लोकांनी अन्न दिलं, अशी आठवण गावात सांगितली जाते. १८८८ मध्ये रेल्वे नदीच्या पलीकडून गेली, दुकानं रुळांकडे सरकली आणि गाव आटलं. धान्य गाडीने किती मैल न्यावं लागतं यावर तिथे गावाचं मरणजगणं ठरायचं. टाउनशिपच्या सभागृहाची १९३९ ची दगडी इमारत बघता येते. जुलैअखेरीस मूळ कुटुंबांचे वंशज देशभरातून इथे जमतात.

पाचवा दिवस : ला क्रॉस, दगडी खांब आणि काटेरी तार

हेज गाव ओलांडून आणखी दक्षिणेला, एकूण १३५ किलोमीटर. आजूबाजूची कुंपणं बघत जावं. खांब पिवळट चुनखडीचे आहेत आणि बऱ्याच खांबांत मधोमध तांबूस रेघ दिसते. नेब्रास्काच्या सीमेपासून डॉज सिटीपर्यंत, ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, जमिनीखाली थोड्याच खोलीवर आठ ते बारा इंच जाडीचा एकसारखा थर आहे. खांबाची जाडी निसर्गानेच ठरवून दिलेली. वरची माती खरवडायची, थर उघडा करायचा, आणि सात-आठ इंचांवर हातसामत्याने भोकांची ओळ पाडायची. प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर घालायची. मग ओळीने एकेका पाचरीवर हलका घाव, पुन्हा पहिलीपासून. एकाच पाचरीवर जोर दिला तर दगड तिरका फुटतो आणि खांब वाया जातो. आपल्याकडचे पाथरवट काळा दगड पाचरांनी असाच फोडतात. हिवाळ्यात भोकांत पाणी भरून ठेवायची युक्तीही चाले. रात्री ते गोठून फुगलं की सकाळी दगड आपोआप चिरलेला. ताजा दगड मऊ असतो, हवेत वाळत गेला की कडक होतो. पाच-सहा फुटांचा खांब सव्वाशे ते दोनशे किलो भरतो. तो कुजत नाही, वाळवी लागत नाही, वणव्यात जळत नाही.

गावात खांबांचं आणि काटेरी तारेचं अशी दोन संग्रहालयं आहेत. जोसेफ ग्लिडन यांना २४ नोव्हेंबर १८७४ रोजी मिळालेल्या पेटंटचं मर्म एवढंच, की एका तारेवर काटा गुंडाळून त्याभोवती दुसरी तार पिळली, म्हणून काटा जागचा हलत नाही. आधीच्या नमुन्यांत गुरांनी अंग घासलं की काटे एका बाजूला सरकत. तार येईपर्यंत कुंपणाचा खर्च दावेदाराच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून अनेक काउंट्यांनी गुरं राखण्याची जबाबदारी गुरांच्या मालकावर टाकणारा नियम केला. पिकाच्या संरक्षणाला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

सहावा दिवस : गेसल, गहू

पूर्वेला मॅकफर्सनवरून गेसल. इथे बियाण्याची गोष्ट आहे. १८७४ मध्ये दक्षिण रशियातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची जर्मनभाषक कुटुंबं आली. त्यांनी होमस्टेडपेक्षा सँटा फे रेल्वेची जमीन विकत घेणं पसंत केलं, कारण त्यांना सलग जमीन आणि एकत्र गाव हवं होतं. सोबत टर्की हा कडक लाल हिवाळी गहू होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा, थोडे फुटवे येतात, मग बर्फाखाली झोपून राहतो. अशी थंडी भोगल्याशिवाय त्याला ओंबी येत नाही. आपल्या रब्बी गव्हाला ती गरज नाही, म्हणून हे बियाणं महाराष्ट्रात नुसतं पसरेल आणि ओंबी धरणार नाही. कॅन्ससमध्ये जूनअखेर तो कापणीला येतो, जुलै-ऑगस्टच्या पोळणाऱ्या वाऱ्यांच्या आधी. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने मका आणि भाज्या जमिनीपर्यंत खाल्ल्या, अवजारांच्या दांड्याही कुरतडल्या. लवकर हाती आलेला गहू मात्र बराचसा वाचला. ती टोळांची जात १९०२ नंतर जिवंत दिसलेली नाही.

अडचण गिरणीत आली. दाणा इतका कडक की जात्याच्या दगडांतून पीठ नीट निघेना, आणि गिरणीवाले भाव पाडून मागत. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावरच या गव्हाला मान मिळाला. गावच्या संग्रहालयात मळणीचे दगडही आहेत. चुनखडीचा सात दात्यांचा रूळ घोड्याला जुंपून खळ्यावर फिरवायचा, मग पेंढा झटकून उपणणी करायची. काही हंगामांतच मळणीयंत्रं आली आणि हे दगड मागे पडले.

टर्की गहू पुढे जपानला पोचला. तिथल्या बुटक्या गव्हाशी त्याचा संकर करून १९३५ मध्ये नोरिन १० हे वाण निघालं. त्यातून अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटके वाण तयार केले. भारताने १९६६ मध्ये आणलेल्या १८,००० टन बियाण्यात मुख्य होता तो लर्मा रोहो ६४ हा वाण याच घराण्यातला, आणि नंतर देशभर पेरलेला कल्याण सोनाही.